नको असलेले नायकपण : गंभीर दुखापतीतून सावरणाऱ्या माणसाची पटकथा कशी लिहावी

१५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ दोन स्फोट झाले, तेव्हा जेफ बाउमन हा २७ वर्षांचा तरुण शर्यतीत धावणाऱ्या आपल्या प्रेयसीला, एरिन हर्ली हिला, प्रोत्साहन देण्यासाठी गर्दीत उभा होता. त्याचे दोन्ही पाय गुडघ्यांच्या वरून कापावे लागले. त्याला व्हीलचेअरवरून घाईघाईने नेतानाचे छायाचित्र जगभर पोहोचले. शुद्धीवर आल्यावर त्याने संशयिताचे वर्णन पोलिसांना दिले आणि पाहता पाहता सारे शहर त्याला नायक म्हणू लागले. आपण केवळ तेथे उभे होतो, मग आपण नायक कसे, हा त्याचा प्रश्न २०१७ साली आलेल्या डेव्हिड गॉर्डन ग्रीन दिग्दर्शित ‘स्ट्राँगर’ या चित्रपटाच्या मुळाशी आहे. जेक जिलेनहॉल आणि तातियाना मास्लानी यांनी जेफ आणि एरिन यांच्या भूमिका केल्या आहेत.

अशा विषयावर पटकथा लिहू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. आपल्याकडे दुखापतीची गोष्ट सांगताना लेखक बहुधा दोन टोके हाती धरतो. एका टोकाला अपघात असतो, दुसऱ्या टोकाला पदक किंवा टाळ्यांचा कडकडाट, आणि मधली दोन वर्षे एका गाण्यात उरकली जातात. माझे ठाम मत असे आहे की पटकथा त्या मधल्या दोन वर्षांचीच असते. पुढचे टप्पे त्या मधल्या काळात कसे शिरावे याविषयी आहेत, आणि ज्या क्रमाने काम केल्याने मला उपयोग झाला त्याच क्रमाने मी ते मांडले आहेत.

आधी शरीराचे कॅलेंडर तयार करावे

कथासूत्राची एक ओळही लिहिण्यापूर्वी दुखापतीनंतरच्या पहिल्या बारा ते अठरा महिन्यांचे कॅलेंडर कागदावर मांडावे, कारण या प्रकारच्या कथेत घटना कधी घडतील हे लेखकाच्या सोयीने ठरत नाही, जखम ते ठरवते. पाय कापलेल्या माणसाचे उदाहरण घेऊ. पहिल्या दिवसांत जखम, सूज आणि ड्रेसिंग असते. त्याच काळात नसलेल्या पायाची वेदना सुरू होते. बोटे मुरगळल्यासारखी, टाच जळत असल्यासारखी वाटते आणि पांघरूण बाजूला केले तर तेथे काहीच नसते. टाके सुकू लागले की उरलेल्या भागाला (रुग्ण आणि फिजिओथेरपिस्ट त्याला ‘स्टंप’च म्हणतात) इलॅस्टिक पट्टी इंग्रजी आठच्या आकाराने बांधली जाते. ती टोकाकडे घट्ट आणि वर सैल असावी लागते, नाहीतर सूज खाली साचते. मांडीखाली उशी घेतली तर आराम वाटतो, पण खुब्याचा सांधा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय लावूनही सरळ उभे राहता येत नाही. म्हणून रुग्णाला दिवसातून अनेकदा पालथे झोपायला सांगतात. एक प्रेमळ आई मुलाच्या मांडीखाली उशी सरकवते आणि फिजिओथेरपिस्ट ती काढून घेते, एवढ्या एका हालचालीत संपूर्ण प्रसंग उभा राहतो. दोघींचेही प्रेमच असते, पण त्यांतल्या एकीच्या प्रेमाने पाय आखडतो.

त्यानंतर दंडांची आणि पोटाची ताकद वाढवणे, पलंगावरून खुर्चीवर सरकणे आणि टॉवेल घासून स्टंपच्या त्वचेला स्पर्शाची सवय करणे ही कामे येतात. जखम पूर्ण भरून सूज उतरली की मोजमाप घेऊन सॉकेट तयार होते. सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाचा तो पेला, ज्यात स्टंप बसतो. याला काही आठवडे ते काही महिने लागतात. मग पॅरलल बारमधली (दोन्ही हातांनी धरायच्या समांतर दांड्यांमधली) पावले, वॉकर, कुबड्या, उतार, जिने आणि पडल्यावर उठण्याचा सराव. स्टंप कित्येक महिने आकसत राहतो. त्यामुळे सकाळी नीट बसलेले सॉकेट दुपारी सैल होते, मधे स्टंपवर मोजे चढवावे लागतात, आणि काही काळाने सॉकेटच नवे करावे लागते. गुडघ्याच्या खालून पाय गेला असेल तर स्वतःचा गुडघा शाबूत असतो. गुडघ्याच्या वरून पाय गेला असेल तर प्रत्येक पावलावर यांत्रिक गुडघा दगा देणार नाही यावर विश्वास ठेवावा लागतो. दोन्ही पाय गुडघ्यांच्या वरून गेले असतील, जसे बाउमनचे गेले, तर चालण्याला लागणारी शक्ती कितीतरी पटींनी वाढते आणि पुष्कळदा सुरुवात गुडघे नसलेल्या आखूड पायांवर करून हळूहळू उंची वाढवत नेतात. आपली उंची कमी झाली आहे हे माणसाला त्या दिवशी आरशात दिसते. तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

हा तपशील कथेत कसा उतरतो याचे आणखी एक उदाहरण देतो. चेताशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आरशाचा उपचार मांडला. शाबूत अवयवाचे प्रतिबिंब अशा रीतीने दाखवायचे की मेंदूला हरवलेला अवयव हलताना दिसावा आणि वेदना कमी व्हावी. त्यासाठी एक अवयव शाबूत असावा लागतो. आपल्या नायकाचे दोन्ही पाय गेले असतील, तर शेजारच्या खाटेवरच्या एका पायाच्या रुग्णाला आरशापुढे बसलेले पाहताना त्याला काय वाटेल, हा प्रश्न कॅलेंडर नसलेल्या लेखकाच्या मनात कधी आलाच नसता.

मणक्याच्या दुखापतीचे कॅलेंडर पूर्णपणे वेगळे असते. तेथे दर दोन तासांनी कूस बदलणे, खुर्चीवर बसल्या बसल्या हातांवर भार देऊन बैठक उचलणे, लघवीची नळी, शौचाची वेळ आणि त्वचेवर होणारे व्रण हे सगळे येते. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालची शक्ती गेली. मुष्टियुद्ध खेळणारा हा जवान उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरला आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्याने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. ‘चंदू चॅम्पियन’ हा कबीर खान यांचा २०२४ मधला चित्रपट त्यांच्यावरच आहे. पदकाची गोष्ट आता सर्वांना ठाऊक झाली आहे. लेखक म्हणून मला पाण्यात उतरण्याच्या पहिल्या दिवसाचे अधिक कुतूहल आहे, कारण ज्याचे पाय जमिनीवर ओझे झाले आहेत त्याला पाण्यात ते ओझे अचानक हलके वाटते, आणि तो अनुभव पडद्यावर आणायला एकही संवाद लागत नाही.

ही माहिती मिळवण्यासाठी दूर जायला नको. पुण्यात १९४४ पासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला कमरेखालची शक्ती गेलेल्या जवानांचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे आणि मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. रीतसर परवानगी काढावी, वही घेऊन जावे आणि पहिले काही दिवस काहीही विचारू नये. पॅरलल बारच्या शेजारी बाकावर बसलेल्या नातेवाइकांकडे पाहत राहावे. रुग्ण पाऊल टाकतो तेव्हा त्यांचे स्वतःचे पाय कसे हलतात, हे तेथेच दिसते.

मग घर लिहावे

रुग्णालयात सगळे रुंद असते. दारे, मार्गिका आणि बाथरूम खुर्चीसाठीच बांधलेली असतात, आणि मदत बेल दाबण्याच्या अंतरावर असते. म्हणून खरी पडझड घरी आल्यावर होते. पटकथेत घराचा नकाशा काढावा, दारांची रुंदी लिहावी, उंबरठे मोजावेत. पासष्ट सेंटिमीटर रुंदीची खुर्ची साठ सेंटिमीटरच्या न्हाणीघराच्या दारातून जात नाही, ही एक साधी मोजणी आहे, पण तिच्यामुळे एका प्रौढ मुलाला आईच्या हातांवर बसून आंघोळीला जावे लागते. कथा चाळीत घडत असेल आणि संडास गॅलरीच्या टोकाला असेल, तर त्या गॅलरीतल्या प्रत्येक दारापुढून दिवसातून चार वेळा जावे लागणे हेच नायकाच्या प्रसिद्धीचे पहिले रूप असते. ‘स्ट्राँगर’मध्ये जेफ आईच्या लहानशा घरात परततो. त्या गर्दीच्या, आवाजी, दारूच्या बाटल्यांनी भरलेल्या घरातले प्रसंग स्टेडियममधल्या प्रसंगांपेक्षा मला कितीतरी अधिक मोलाचे वाटतात.

आपल्या घरांची काही खास अंगे आहेत आणि ती नजरेतून निसटू देऊ नयेत. आपण जमिनीवर बसतो, मांडी घालून जेवतो, देवघरात आणि स्वयंपाकघरात अनवाणी वावरतो. १९६८ च्या सुमारास डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेल्या जयपूर फूट या कृत्रिम पायाचे महत्त्व याच सवयींत आहे. बूट घातल्याशिवाय न चालणारा परदेशी पाय येथल्या शेतात, ओल्या अंगणात आणि पंगतीत निरुपयोगी ठरत होता. आपला नायक पंगतीत बसू शकतो की त्याच्यासाठी वेगळे टेबल मांडले जाते, या एका निर्णयातून त्याचे घरातले स्थान कळते.

माझ्या थोरल्या मामांचा उजवा पाय ट्रकच्या अपघातानंतर गुडघ्याखालून कापला गेला. मी शाळेत होतो. मला आठवतात त्या त्यांच्या चपला. पाय गेल्यानंतरही मामी दारातल्या फळीवर जोडी ठेवत असत आणि रोज दोन्ही चपला पुसत असत. कृत्रिम पाय आल्यावर लक्षात आले की चपल त्या पायातून निसटते, मागे पट्टा असलेली सँडलच लागते. ती चपलांची जोडी त्या दिवशी फळीवरून गेली. घरात कोणी त्याबद्दल एक शब्दही बोलले नाही. पटकथेत नायकाच्या घरातली अशी एक वस्तू शोधावी आणि ती केव्हा हलते एवढेच दाखवावे.

नायकपण कोणाला हवे आहे, ते ठरवावे

अनिच्छेचा नायक म्हणजे केवळ लाजाळू माणूस अशी समजूत असेल तर पटकथा लवकरच कंटाळवाणी होते. त्याची अनिच्छा कोणाच्या तरी गरजेला भिडलेली असली पाहिजे. एक कागद घ्यावा आणि त्याला नायक म्हणणाऱ्या प्रत्येक व्यक्तीपुढे तिची गरज लिहावी. ‘स्ट्राँगर’मध्ये भ्यालेल्या शहराला धीर हवा आहे. आईला मुलाच्या रूपाने मिळालेला मान हवा आहे आणि म्हणून मोठ्या दूरदर्शन मुलाखतीसाठी ती आग्रह धरते. एरिनच्या मनात आपल्यामुळे तो तेथे आला होता ही बोचणी आहे. या सगळ्या गरजा खऱ्या आहेत, त्यांत कोणीही दुष्ट नाही, आणि म्हणूनच जेफला नकार देणे अवघड जाते. हॉकीच्या मैदानावर हजारो लोकांपुढे तो झेंडा हलवतो, आणि टाळ्या मागे पडताच त्याचा धीर सुटतो. प्रेक्षकांनी पाहिलेला माणूस आणि मैदानाबाहेर थरथरणारा माणूस यांच्यात काही मिनिटांचेच अंतर आहे.

मराठी गावात हे अधिक टोकदार होते. सत्कार, शाल आणि श्रीफळ, फ्लेक्सवरचा फोटो आणि व्यासपीठावर खुर्ची उचलून नेणारे चार कार्यकर्ते यांतले प्रत्येक काम प्रेमाने होते. पण व्यासपीठाला उतार नाही, म्हणून त्याला सामानासारखे उचलावे लागते, आणि त्याच क्षणी त्याच्या हिमतीवर भाषण चालू असते. हा प्रसंग लिहिताना कोणाचीही खिल्ली उडवू नये. भाषण करणारा माणूस मनापासून बोलत असावा, तरच उचलले जाण्याची वेदना प्रेक्षकाला जाणवते.

नकाराला एक कृतीही द्यावी. न उचललेला फोन, चुकवलेली फिजिओथेरपीची वेळ, कपाटात उभा करून ठेवलेला पाय, रात्रीचे मद्यपान. येथे लेखकाने नायकाला वाईट वागू दिले पाहिजे. ‘स्ट्राँगर’मधला जेफ एरिनशी अन्यायाने वागतो, जबाबदारीपासून पळतो, आणि चित्रपट त्याला दुखापतीच्या नावावर माफ करत नाही. दुखापतीने माणूस संत होत नाही, हे मान्य केल्याशिवाय त्याच्या बदलण्याला अर्थ येत नाही.

कॅमेरा कोठे उभा करायचा

दिग्दर्शक दुसरा असला तरी पटकथाकाराला नजर ठरवावी लागते. प्रत्येक अशा चित्रपटात जखम प्रथम उघडी पडण्याचा एक क्षण असतो. ‘स्ट्राँगर’मध्ये ड्रेसिंग काढण्याचा प्रसंग जवळजवळ एका सलग शॉटमध्ये आहे. जेफचे पाय कॅमेऱ्याच्या अगदी जवळ पण धूसर आहेत, आणि आपल्याला स्पष्ट दिसतो तो त्याचा चेहरा व त्याच्या जवळ आलेला एरिनचा चेहरा. पट्ट्या सुटण्याचे काम अग्रभागी, आपल्याला नीट न दिसता, चालू राहते आणि आपण वेदना दोन चेहऱ्यांवर वाचतो. प्रसंग कापलेला नसल्यामुळे प्रेक्षकालाही सुटका नाही. हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना आवाज बंद करून दाखवतो आणि किती सेकंदांनी जेफ डोळे उघडतो ते मोजायला सांगतो.

याच्या शेजारी १९४६ सालचा, विल्यम वायलर यांचा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ ठेवून पाहावा. त्यात हॅरोल्ड रसेल या अभिनेत्याने भूमिका केली आहे. १९४४ साली सैन्यात असताना स्फोटात त्याचे दोन्ही हात गेले होते. झोपण्यापूर्वी हातांच्या जागी लावलेले आकडे आणि त्यांचे पट्टे उतरवल्यावर आपण किती परस्वाधीन होतो, दार लागले तर ते उघडताही येत नाही, हे तो आपल्या प्रेयसीला खोलीत नेऊन दाखवतो. तेथे कॅमेरा लपवत नाही आणि संगीताने डोळ्यांत पाणी आणण्याची घाईही करत नाही. एका चित्रपटात जखम धूसर आहे, दुसऱ्यात स्पष्ट आहे, आणि दोन्ही निवडी योग्य आहेत, कारण पहिल्यात पाहण्याची भीती हा विषय आहे तर दुसऱ्यात दाखवण्याचे धाडस. आपल्या प्रसंगात यांतले काय आहे ते एका वाक्यात लिहावे आणि मगच दृश्याचे वर्णन करावे.

अपघाताचा प्रसंग मात्र शक्य तितका लहान ठेवावा. तो पुढे आठवणींच्या तुकड्यांत परत येऊ द्यावा, आणि ते तुकडे भाजणीच्या वासाने, फटाक्याने, दरवाजा आपटण्याने, म्हणजे अंगाला जाणवणाऱ्या गोष्टींनीच उघडावेत.

ऐकण्याचा प्रसंग

कथेचे वळण नेमके कोठे असावे याविषयी माझा अनुभव असा आहे की नायक पहिले पाऊल टाकतो तेथे ते क्वचितच असते. बाउमनला वाचवणाऱ्यांपैकी काउबॉय टोपी घातलेले कार्लोस अरेदोंदो यांचा एक मुलगा २००४ साली इराकमध्ये मारला गेला होता आणि दुसऱ्याने २०११ साली आत्महत्या केली होती. चित्रपटात जेफ अखेर त्यांना भेटतो आणि ऐकतो. आपल्याला वाचवणाऱ्या माणसालाही कोणाला तरी वाचवण्याची गरज होती, हे त्याला कळते, आणि लोक आपल्यापाशी का येतात याचा उलगडाही तेथेच होऊ लागतो. आपल्या पटकथेत असा एक माणूस असावा की ज्याच्यापुढे नायक गप्प बसेल. तो डॉक्टर नसावा. शक्यतो उपदेश करणारा तर मुळीच नसावा.

परवानगी, कायदा आणि भूमिका

खरी व्यक्ती हयात असेल तर तिची लेखी संमती घ्यावी, आणि कुटुंबातल्या ज्यांचे खाजगी आयुष्य पडद्यावर येणार आहे त्यांच्याशीही स्वतंत्रपणे बोलावे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा वाचावा. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतील अपंगत्वाच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत, त्यांत अपमानास्पद भाषा आणि ठोकळेबाज चित्रण टाळण्यावर, तसेच निर्मितीत अपंग व्यक्तींचा सहभाग असण्यावर भर आहे. भूमिकेसाठी अपंग कलाकाराचा विचार प्रथम करावा. १९८१ च्या बस अपघातानंतर पाय गमावलेल्या आणि जयपूर फूट लावून पुन्हा नृत्य करू लागलेल्या सुधा चंद्रन यांनी ‘मयूरी’ या तेलुगू चित्रपटात स्वतःच्याच आयुष्यावरची भूमिका केली होती, तेव्हा असा कलाकार मिळत नाही ही सबब आपल्याकडे तरी चालू नये.

मसुदा मोठ्याने वाचून दाखवावा

पहिला मसुदा झाला की तो या वाटेवरून गेलेल्या किमान दोन माणसांपुढे मोठ्याने वाचावा. अभिप्राय मागू नये, कारण माणसे भिडेने चांगलेच बोलतात. ते कोठे चुळबुळ करतात, कोठे हसतात आणि कोठे मधेच प्रश्न विचारतात, ते समासात लिहावे. मी माझा मसुदा मामांना वाचून दाखवला. पहिल्या पाऊलाच्या प्रसंगावर मी फार मेहनत घेतली होती, तेथे ते शांत होते. पुढे एका साध्या ओळीवर, नायक रात्री उठून खिडकीपाशी जातो या ओळीवर, त्यांनी मला थांबवले.

“जातो कसा?” त्यांनी विचारले. “पाय तर रात्री काढून ठेवलेला असतो. कुबडी कुठं आहे त्याची?”

मी म्हणालो, पलंगाजवळ असेल.

“असेल नाही, असतेच. पण झोपेत माणूस विसरतो रे. पाय आहे असं समजून उतरतो आणि पडतो. मी दोनदा पडलोय. तुझ्या मामीला दुसऱ्या वेळचं ठाऊक नाही.”

ती खिडकीची ओळ मी काढून टाकली. तिच्या जागी आता अंधारी खोली आहे, पलंगाच्या कडेला बसलेला माणूस आहे, आणि पाय खाली सोडण्यापूर्वी फरशीवर कुबडी चाचपडणारा त्याचा हात आहे.